कालचं पाणी

आबा, आज सकाळी साडेनऊ वाजले तरी मी उठलो नव्हतो. हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, कारण तुमच्या हयातीत ऊन वर आल्यावरही अंथरुणात असलेला माणूस आपल्या घरात फक्त आजारी असायचा. मीही आजारीच आहे म्हणे. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं आहे. पण ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही, आणि असल्या आजाराला आजार म्हणायची आपल्याला सवय नाही. आपल्याकडं त्याला आळस म्हणतात, नाहीतर बाहेरचं काहीतरी म्हणतात. तुम्हाला दोन्ही म्हणून झालं होतं.

दोन वर्षं होत आली. सुरुवात नेमकी कुठल्या दिवशी झाली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की कार्यालयात समोर फाईल उघडी असायची आणि मी एकच ओळ पाच वेळा वाचायचो, तरी ती डोक्यात उतरायची नाही. चहा यायचा, त्यावर साय धरायची, शिपाई कप उचलून न्यायचा. एकदा तो म्हणाला, "भाऊसाहेब, उद्यापासून तुमचा चहा थंडच आणत जाऊ का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि हसताना गाल दुखले. बऱ्याच दिवसांत ती हालचाल झाली नव्हती. मग जेवणाची चव गेली. मग पहाटे चार वाजता जाग येऊन पंख्याकडं बघत पडायचं. सकाळची वंदना म्हणायला बसलो की तोंड शब्द म्हणायचं आणि मी कुठंतरी लांब बसून ते ऐकायचो. मोठ्या साहेबांनी चांगुलपणानंच सांगितलं, थोडे दिवस रजा घ्या. मी रजा घेतली, आणि जे उरलंसुरलं होतं तेही सुटलं. कार्यालयात निदान दहा वाजता जावं लागायचं. घरी दहा वाजता काहीच वाजत नव्हतं.

इथल्या सरकारी दवाखान्यात, धाराशिवला, एक डॉक्टरबाई आहेत. माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या मी घेतो, त्यांचा उपयोगही होतो. गोळ्यांनी विहिरीतलं पाणी जरा खाली गेल्यासारखं वाटतं, नाकातोंडात जात नाही. पण त्यांनी आणखी एक सांगितलं. म्हणाल्या, रोजचं एक काम ठरवा. लहानसं. ठरल्या वेळेला करा. मी म्हणालो, मनच होत नाही. त्या म्हणाल्या, "मनाला विचारूच नका काका. घड्याळाला विचारा." आणि मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

मी नाही म्हणणार होतो. नाही हा शब्द ओठावर आला होता. मग मला तुमची पाठ दिसली.

भूकंपानंतरची ती थंडी. आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहतो आहोत. मी सतरा वर्षांचा आहे. धाकटी गेली आहे. आपलं सगळं घर कुडाचं होतं, उत्तरेकडची एक भिंत तेवढी दगडमातीची, तुम्ही हौसेनं स्वतःच्या हातानं रचलेली. एक भिंत तरी पक्की पायजे, म्हणायचात. तीच आली अंगावर. ज्यांची घरं नुसत्या कुडाची होती ते उठून चालते झाले. हे तुम्हाला कुणी बोलून दाखवलं नाही, पण तुम्हाला कुणी दाखवायची गरजही नव्हती. तुम्ही पत्र्याकडं तोंड करून आडवे झालात ते थंडीभर तसेच. आई ताट ठेवायची, ताट उचलायची. शेजारपाजारचे यायचे. कुणी म्हणालं, असं पडून काय होणार, पोराकडं बघून तरी उठा. कुणी लिंबाचा पाला आणला, कुणी गंडा आणला, तो आईनं परत पाठवला, "आमच्यात न्हाय चालत," म्हणून. मी तुमच्या पाठीकडं बघून शाळेला जायचो आणि परत येऊन तीच पाठ बघायचो. मला तुमचा राग यायचा, आबा. बहीण माझीही गेली होती, आणि मी उठत होतो.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही उठून बसलात. कित्येक दिवसांनी तुमचा आवाज ऐकला. "रांजण निघाला का गं?"

आई म्हणाली, "कुठला रांजण?"

"दारातला. निम्मा पुरलेला हुता की. तो फुटायचा न्हाय."

तुम्ही पहार घेतलीत, खोरं माझ्या खांद्यावर दिलंत आणि आपण जुन्या गावात गेलो. त्या वाटेनं कुणी जात नव्हतं तेव्हा. तुम्ही घराच्या जागी उभे राहिलात, भिंतीच्या ढिगाकडं बघितलं नाहीत, सरळ दाराच्या अंगाला गेलात आणि उकरायला लागलात. दुपारपर्यंत तो निघाला. काठाला एक टवका, बाकी अख्खा. आत कमरेएवढी माती. तुम्ही ती दोन्ही हातांनी बाहेर काढलीत. बैलगाडी मागून आणली आणि रांजण फाट्यावर नेऊन लिंबाखाली बसवला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं, वर लाकडी झाकण. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून हापशावरून कावडीनं पाणी. नऊ खेपा. मी मोजायचो, कारण नववी खेप झाली की तुम्ही शेडच्या दारात येऊन चहा मागायचात, आणि चहा मागणारा बाप मला परत मिळाला होता.

तुमचे नियम होते. पहिला नियम, कालचं पाणी माणसाला द्यायचं नाही. रात्री उरलेलं सगळं सकाळी लिंबाच्या बुडाला, मग काथ्यानं आतून घासायचा, खळखळून धुवायचा, मग ताजं भरायचं. मी एकदा म्हणालो, निम्मं तर शिल्लक आहे, वरून भरू की. तुम्ही म्हणालात, "शिळी भाकरी मी खाईन. दुसऱ्याला कशी देऊ?" दुसरा नियम, कोण पितंय ते बघायचं नाही. सुरुवातीला रांजण कुणाचा म्हणून विचारून, तसेच पुढं हॉटेलात जाऊन पाणी मागणारे लोक होते. भूकंपाच्या तंबूत सगळे एका टँकरचं पाणी प्यायले होते, पण पक्की घरं मिळाली तशा जुन्या गोष्टीही पुन्हा राहायला आल्या. मला संताप यायचा. तुम्ही म्हणायचात, "तहान लागली नसंल त्यांला." दोन उन्हाळ्यांत सगळ्यांना तहान लागली. एसटी थांबली की तुम्ही तांब्या-पेला घेऊन खिडकी-खिडकीशी जायचात, आणि ड्रायव्हर घंटी वाजली तरी तुमच्यासाठी थांबायचा.

आणि वंदनेचं. तेव्हा माझं वंदनेत लक्ष नसायचं, भूक लागलेली असायची. भिंतीवरच्या दोन फोटोंसमोर तुम्ही मला उभं करायचात. मी म्हणायचो, मन लागत नाही आबा. तुम्ही म्हणायचात, "तोंडानं म्हण. मन येतं मागनं, वासरागत." आता मी रोज म्हणतो. वासरू अजून दिसलेलं नाही. पण दावं हातात धरून ठेवलं आहे.

इथवर लिहायला सोपं होतं. पुढचं मी फार वर्षं टाळत आलो.

मला नोकरी लागली, उमरग्याला खोली केली, आणि शनिवारी गावी यायला लागलो. पायात बूट, खिशाला पेन. आपल्या वस्तीतला मी कचेरीत खुर्चीवर बसणारा दुसराच माणूस होतो. तिथं शहाणी, वाचलेली माणसं भेटायची, सभा-व्याख्यानं असायची, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी गावकी म्हणून काय काय ओढलं ते ऐकून माझं डोकं तापायचं. मेलेली ढोरं, सांगावे, दारोदारची भाकरी. ते सगळं सोडून आपल्या लोकांना केवढी वर्षं झाली होती. आणि गावी आलो की माझा बाप खांद्यावर कावड घेऊन गावाला पाणी पाजतो आहे. एका शनिवारी मी तुम्हाला रस्त्यातच अडवलं. लोक होते चार. मी म्हणालो, "गावकी सोडली ना आपण? मग हे काय चालवलंय तुम्ही? कुणाची चाकरी ही?"

तुम्ही कावड खाली ठेवली नाहीत. ओझ्यासकट उभे राहिलात. म्हणालात, "गावकी सांगून करून घेत्यात. हे मला कुणी सांगितलं न्हाय." आणि चालू लागलात. डब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या बुटांवर पडलं. ते मुद्दाम होतं का हे विचारायचं राहून गेलं.

मला तुमचं उत्तर कळलं नाही असं नाही. कळलं, आणि पटायला नको म्हणून मी दुसरी वाट काढली. वर्षभरात मी सरपंचांना भेटलो, फाट्यापर्यंत नळ ओढून घेतला, सिमेंटचा ओटा बांधून घेतला, त्यावर काळी प्लास्टिकची टाकी, टाकीला दोन तोट्या, आणि टाकीवर पिवळ्या रंगात तुमचं नाव. मला वाटलं होतं, नाव बघून तुम्ही खूश व्हाल. आपल्या घराण्यात कुणाचं नाव असं रस्त्यावर लिहिलेलं नव्हतं. तुम्हाला नवं धोतर नेसवून आणलं, हार घातला. तुम्ही तोटी उघडली, पाणी आलं, बंद केली, पाणी थांबलं. तुम्ही टाकीकडं वर बघून म्हणालात, "हिला भरायचं कुणी?"

मी म्हणालो, "भरायचं नाही आबा. आपोआप भरते."

"मग म्या काय करू?"

"बसून खा," मी म्हणालो, आणि सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "नशीब काढलं बरं का आबा, पोरगं म्हणतंय बसून खा." तुम्हीही हसलात. मी तो हसलेला चेहरा फोटोसारखा जपून ठेवला होता. हल्लीच मला कळलं की तसं कसं हसतात आणि गाल कुठं दुखतात.

रांजणाबद्दल मी तुम्हाला सांगितलं की ओटा बांधताना गवंड्याच्या हातून फुटला. तो फुटला नव्हता. मीच तो सास्तूरच्या वाटेवरच्या एका मळेकऱ्याला देऊन टाकला होता. राहिला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यात पाणी भरलं असतं, हे मला ठाऊक होतं. तुम्ही "खापऱ्या कुठं हायेत?" एवढंच विचारलंत. मी म्हणालो, टाकून दिल्या. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही काही दिवस पहाटे उठून फाट्यावर जाऊन बसायचात, ओट्यावर, टाकीच्या सावलीला. मग जाणं बंद झालं. मग एका शनिवारी मी आलो तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजला होतात. घर आता पक्कं होतं, भिंत सरकारनं बांधलेली होती, पण पाठ तीच होती. मी म्हणालो, आता वय झालं, पडू दे त्यांना निवांत. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. आईनं मला कधी दोष दिला नाही. दहाव्या दिवशी मडकं धुता धुता, माझ्याकडं न बघता, एवढंच म्हणाली, "पाणी भरत हुतं तवर मानूस हुतं." मग तीही गेली. मी असं म्हणत नाही की टाकीनं तुम्हाला मारलं. माणूस एका गोष्टीनं मरत नाही. पण बुडणाऱ्याच्या हातात एकच दोर असतो, आणि तो दोर खरखरीत आहे, हाताला लागतो, म्हणून मी प्रेमानं काढून घेतला.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते मला माझ्याच घरात कळलं. रजेवर आल्यापासून सूनबाई तुमची माझ्या हाताला काही लागू देत नव्हती. दूध ती आणायची, भाजी ती आणायची. नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेव्हा पिंप भरायला मी बादली धरली की म्हणायची, "तुम्ही बसा हो. कमरेत भरंल." पुण्याहून नातीचा फोन, "पप्पा, तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा." सगळे इतके चांगले होते की मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, माठ मी धुतो. तिनं माझ्या हातातला माठ काढून घेतला आणि म्हणाली, "सगळं आयतं मिळतंय ना? मग बसून खावं की सुखानं."

माझे हात तसेच राहिले, आबा. पुढं केलेले, मोकळे. मला फाट्यावरची तोटी दिसली.

मी तिच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांच्या संसारात असा ओरडलो नव्हतो. "माझ्या हातातलं काम काढून घेऊ नको. मी मरंन." ती घाबरून खाली बसली. मग रडत म्हणाली, "मग मी तुमच्यासाठी करू तरी काय? सांगा की. मला तरी कुठं कळतंय?" तिचं खरं होतं. मलाही तुमच्या वेळी कुठं कळत होतं. शेवटी मी म्हणालो, काही करू नको. सकाळी फक्त विचारत जा, पाणी भरलं का म्हणून. मी नसलं भरलं, तरी तू भरू नको.

त्या रविवारी मी एसटीनं सास्तूरकडं गेलो. फाट्यावर उतरलो. तुमची टाकी उन्हानं तडकली आहे, तोट्या कुणीतरी केव्हाच काढून नेल्या, नाव अर्धं गेलं आहे. लिंब मात्र चांगला आहे. मळेकरी आता म्हातारा झाला आहे, पण त्यानं ओळखलं. रांजण त्याच्या गोठ्यात होता. मी विचारल्यावर तो हसायला लागला. "आबाचा रांजण व्हय? आरं, म्या त्यात सरकी भिजवतूय. माझ्या म्हशीनं लई पुण्य खाल्लं तुज्या बापाचं. दूध उगंच घट्ट हाय व्हय?" मी म्हणालो, परत न्यायला आलोय. तो म्हणाला, "ने की. म्हशीला सांगतो समजावून."

टेम्पोतून रांजण घरी आणला तेव्हा सूनबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "म्हशीचा रांजण माणसांना?" आठ दिवस तो मी राखेनं घासला, गरम पाण्यानं धुतला, उन्हात पालथा घातला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. सरकीचा वास जाईना. वास जाईपर्यंत मला रोज काम होतं, म्हणून मी वासावर चिडलो नाही. आता तो आमच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली आहे. टवका रस्त्याच्या बाजूला केला नाही, माझ्या बाजूला केला आहे. आमच्या रस्त्यानं दवाखान्याकडं जाणारी माणसं जातात, भाजीवाल्या जातात, रिक्षावाले थांबतात. तुमच्या नऊ खेपा मला होत नाहीत. घरामागच्या बोअरवरून पाच बादल्या आणतो आणि मध्ये दोनदा बसतो. कार्यालयातही परत जाऊ लागलो आहे, आठवड्यातले काही दिवस.

मी बरा झालो असं समजू नका. पाणी भरलं म्हणून मन हलकं होतं असं काही नाही. पुष्कळदा भरून झाल्यावरही जड ते जडच. फक्त जड माणसाच्या हातून एक काम झालेलं असतं, आणि ते बाहेर रस्त्यावर दिसतं. काही दिवस सकाळी सूनबाई खोलीच्या दाराशी येऊन विचारते, "पाणी भरलं का?" आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. ती थांबते, निघून जाते. तिनं शब्द पाळला आहे, ती भरत नाही. मग नऊच्या सुमारास रस्त्यावरून कुणीतरी फाटक वाजवतं, आणि त्या परक्या माणसाच्या तहानेची मला लाज वाटते, आणि मी उठतो. तुम्ही खिडकी-खिडकीशी जायचात ते पुण्यासाठी नव्हतं, हे आता कळतं. तुम्हाला त्यांची गरज होती. तहानलेल्यांनीच तुम्हाला धरून ठेवलं होतं.

खिडकीचं आलंच आहे तर तेही लिहून टाकतो. गावकी, सभा-व्याख्यानं, हे सगळं मी वर लिहिलं ते खोटं नाही. पण टाकीचं कारण ते नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. ती दुपार. मी कचेरीतल्या दोघांबरोबर एसटीनं धाराशिवला निघालो होतो आणि गाडी आपल्या फाट्यावर थांबली. तुम्ही मागच्या खिडकीपासून सुरुवात केलीत. उघडं अंग, खांद्यावर ओलं फडकं. मी खिडकीशी बसलो होतो. शेजारचा वाकून म्हणाला, "काय थंडगार पाणी आहे हो. कोण हे म्हातारबा? ओळखीचे आहेत का तुमच्या?" मी म्हणालो, "असतील गावातले कुणीतरी." तुम्ही तोवर माझ्या खिडकीखाली आला होतात. तुम्ही ऐकलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं नाही, पेल्याकडं बघितलं. तुम्ही पेला वर धरलात आणि म्हणालात, "घ्या साहेब." मी घेतला, प्यायलो, रिकामा पेला तुमच्या हातात दिला. गाडी सुटली. पुढच्या शनिवारी मी आलो तेव्हा तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत, नेहमीसारखा चहा मागितलात. तुम्ही काही बोलला असतात तर कदाचित मी टाकी बसवली नसती. ती खिडकी पुन्हा माझ्या समोर येऊ नये म्हणून मी ती बसवली.

आज साडेनऊला फाटक वाजलं. ही विचारून गेली होती, मी भिंतीकडं वळलो होतो. भिंतीकडं वळलोय हे लक्षात आलं तेव्हा मी उठून बसलो. बाहेर गेलो तर एक भाजीवाली, डोक्यावरची पाटी खाली उतरवलेली, बेंबळीकडची असावी बोलण्यावरून. हातात पेला होता, पिऊन झाली होती, उगीच बोलायला फाटक वाजवलं होतं. म्हणाली, "लई गार हाय वं पाणी. असा रांजण आता बघायला मिळत न्हाय. कुणाचा म्हनायचा?"

मी म्हणालो, "आमच्या आबांचा. माझ्या वडिलांचा."

"हायेत का?"

"नाहीत."

"बरं," ती म्हणाली, आणि अजून एक पेला भरून घेतला, उभ्या उभ्या प्यायली, पाटीला हात लावायला सांगितला. मी पाटी उचलून दिली. जड होती. ती गेली आणि मी आत येऊन हे लिहायला बसलो. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, पाठवायला जागाच नाही. भिंतीवरच्या दोन फोटोंच्या शेजारी आता तुमचाही फोटो आहे, त्याच्या पाठीमागं खोचून ठेवीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. ती बाई दोन पेले पाणी स्तुती करत प्यायली, आणि मी तिला खरं सांगितलं नाही. आज मी रांजण भरलाच नव्हता, आबा. ते कालचं पाणी होतं.